चाकावरचं बिऱ्हाड

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



२०१८ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेहून थोरल्या मुलाचा फोन आला. म्हणाला, "आई, सप्टेंबरात तुम्ही दोघं इकडं या. तुमच्यासाठी घर भाड्यानं घेतोय. चाकावरचं घर. अण्णांनी चालवायचं, तू मागं चहा करायचा आणि दोघांनी पंधरा दिवस वाळवंटातल्या दऱ्या पायी हिंडायच्या." त्याला वाटलं, मी खूश होईन. मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

आमच्या शिरूर कासार तालुक्यात चाकावरचं घर ही काही नवलाची गोष्ट नाही. दसरा झाला की सिंदफणेच्या काठच्या गावांमधून बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक भरून निघतात. पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, हंडा-कळशी, गोधड्या, डालग्यात कोंबड्या आणि सगळ्यांच्या वर पोरं. पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर पाच-सहा महिने ऊस तोडायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायचं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादम कोयत्याच्या हिशेबानं आगाऊ उचल देतो आणि ती फिटेपर्यंत कोयता त्याचा. माझे आईवडील असा एक कोयता होते.

मी नऊ वर्षांची असताना एक हंगाम त्यांच्याबरोबर गेले होते. पाचटाच्या कोपीत झोपायचं, पहाटे अंधारात आईबरोबर फडात जायचं, धाकट्या भावाला सांभाळायचं. त्या सहा महिन्यांतलं मला सगळ्यात जास्त काय आठवतं, तर आईची अंधाराची वाट बघणं. दिवसा बाईला आडोसा नसायचा. पुढच्या वर्षी आजी हटून बसली, "पोरगी माझ्यापाशी राहील." म्हणून मी शाळा शिकले, डी. एड. झाले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. त्या चौतीस वर्षांत दरवर्षी दिवाळीनंतर निम्मा वर्ग रिकामा झालेला पाहिला. हंगामी वसतिगृहं सुरू झाल्यावर काही मुलं थांबू लागली, तरी रिकाम्या बस्करपट्ट्यांची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही.

आता कळलं असेल, मी फोन टाकून का गेले ते. हौसेनं बिऱ्हाड गाडीवर घालायचं, ही कल्पनाच मला पचेना.

आमच्या ह्यांचं मात्र डोकं वेगळं चालत होतं. हे एसटीत ड्रायव्हर होते. मांजरसुंब्याचा घाट किती वेळा चढले-उतरले त्याची गणती नाही. निवृत्त झाल्यापासून हातात स्टिअरिंग नाही म्हणून घरात नुसते येरझारा घालायचे. त्यांनी मुलाला एकच प्रश्न विचारला, "लांबी किती?" पंचवीस फूट म्हटल्यावर हसले. "एसटीपेक्षा दहा-अकरा फूट आखूड आहे. ही तर जीप झाली." दुसऱ्याच दिवशी आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी बीडला आरटीओ कार्यालयात गेले.

माझं अडलेलं मन सोडवलं ते माझ्या ऐंशीच्या घरातल्या आईनं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "सहा महिने नाही ना जायचं? उचल नाही ना घेतलेली? मग जा की."

मुलगा ॲरिझोना राज्यात फिनिक्सला असतो. तिथं ह्या गाड्यांना आरव्ही म्हणतात. ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेली खोलीच. आत गॅसची शेगडी, फ्रिज, दोन पलंग, बसायचं टेबल आणि कोपऱ्यात एक अरुंद दार. ते उघडलं तर आत संडास आणि न्हाणी. मुलगा मला खिडक्या दाखवत होता, पडदे दाखवत होता. मी त्या दाराची आतली कडी दोनदा लावून बघितली. खरं सांगते, पुढच्या पंधरा दिवसांत मी पुष्कळ मोठमोठं पाहिलं, पण त्या कडीइतकं आत कशानंच धरलं नाही.

पाण्याची टाकी साधारण दीडशे लिटरची. मुलगा म्हणाला, "आई, दोन दिवस पुरलं तरी खूप." मी मनात हिशेब केला, पंधरा लिटरचे दहा हंडे. दोन माणसांना दहा हंडे! ते पाणी मी चार दिवस पुरवलं, तेही रोज आंघोळ करून. भांडी आधी कागदानं पुसायची, तांदळाचं धुवण वाया घालवायचं नाही, बादलीत उभं राहून अंगावर पाणी घ्यायचं. ह्यात हुशारी कसली? टँकरच्या गावात राहणाऱ्या कुठल्याही बाईला हे येतं.

पहिले दोन दिवस मुलगा आणि सूनबाई त्यांच्या मोटारीतून पुढं होते. नंतर त्यांच्या नोकऱ्या होत्या, आम्ही दोघंच. रोज सकाळी हे लोखंडी दांड्यानं सगळ्या टायरांवर ठोकून आवाज ऐकायचे, जसं आगारात करायचे तसं. शेजारच्या गाड्यांतले गोरे आजोबा चहाचा कप घेऊन बघायला यायचे. आणि मी "टिंग टिंग" म्हटल्याशिवाय हे गाडी हलवायचे नाहीत. एकदा 'टिंग' म्हणजे थांबा, दोनदा म्हणजे चला. लग्नाला तोवर सदतीस वर्षं झाली होती, पण कंडक्टरकी मला तिथं मिळाली.

पहिला मुक्काम ग्रँड कॅन्यनचा. फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेले असतात, त्यामुळं मी वर्णन करत बसत नाही. फक्त एवढं सांगते की सौताड्याच्या रामेश्वराला आपण जातो, विंचरणा नदीचा धबधबा वरून बघतो, मग पायऱ्या उतरून खाली देवळापाशी जातो, तसंच इथं आहे. फरक असा की इथली दरी जवळजवळ साडेचारशे किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून जास्त खोल आहे. खाली कोलोराडो नदी वाहते, पण काठावर बहुतेक ठिकाणी ती दिसतसुद्धा नाही.

दरीच्या पोटात उभ्या असलेल्या शिखरांची नावं वाचताना मी चमकले. विष्णू टेंपल, शिवा टेंपल, ब्रह्मा टेंपल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञानं इथं मोजणी केली. ह्या अफाट आकारांना शोभतील अशी नावं त्याला पूर्वेकडच्या देवांमध्ये सापडली. दरीच्या तळाशी जो फार जुना काळा खडक आहे, त्यालाही विष्णूचंच नाव दिलेलं आहे. तो सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा. सगळ्यात वरचा, म्हणजे आपण ज्यावर उभे राहतो तो, २७ कोटी वर्षांचा. आपल्या बालाघाटाचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा. आम्ही आपलं म्हणतो, डोंगर जुना, डोंगर जुना!

काठावरच्या तळावर नळ होता. त्या नळाला पाणी कुठून येतं, हे मी तिथल्या रेंजरबाईंना विचारलं. कळलं ते असं: दरीच्या पलीकडच्या अंगाला, काठाच्या बऱ्याच खाली, एक मोठा झरा आहे. तिथून सुमारे वीस किलोमीटरची जलवाहिनी १९६० च्या दशकात टाकली, ती दरीच्या तळातून नदी ओलांडून अलीकडं येते आणि मग पंपानं पाणी वर चढवतात. ही वाहिनी वरचेवर फुटते, मग काठावरच्या हॉटेलांचीसुद्धा पंचाईत होते. वाळवंटात पाणी म्हटलं की शेवटी कुठंतरी पाइप फुटल्याची गोष्ट येतेच, मग तो देश कुठलाही असो.

दुसऱ्या दिवशी आम्ही ब्राइट एंजल नावाच्या वाटेनं खाली उतरायला निघालो. वाट रुंद आहे, खेचरंही त्याच वाटेनं जातात. पाठीवर पाणी, शेंगदाणे, गूळ आणि धपाटे. ज्वारीचं पीठ फिनिक्सच्या भारतीय दुकानातून आणलेलं. मी आयुष्यात पहिल्यांदा बूट घातले होते. वाटेच्या तोंडाशी मोठ्या पाट्या आहेत. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत यायचा प्रयत्न करू नका, उतरायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट चढायला धरा. दरवर्षी अडीचशेहून जास्त लोकांना तिथं सोडवून आणावं लागतं.

आपल्याकडं डोंगर म्हणजे आधी चढ. दमलो की कळतं आणि माणूस खाली वळतो. इथं उलटं आहे. आधी उतार, अंगात जोर, सकाळचा गारवा. दरी माणसाला आत ओढत नेते आणि दमायची वेळ येते तेव्हा सगळा चढ अजून बाकी असतो. शिवाय खाली जावं तसं ऊन वाढतं, तळाशी काठापेक्षा दहा-अकरा अंश जास्त.

अडीच किलोमीटरवर पहिला निवारा, पाचेक किलोमीटरवर दुसरा. तिथं आम्ही नऊच्या सुमारास पोचलो. खाली हिरव्या झाडांचा एक पुंजका दिसत होता. हे म्हणाले, "तिथवर जाऊ. इतक्या लांब आलोय. अडीच किलोमीटरच आहे." मी म्हटलं, "नको." हे म्हणाले, "तू बस सावलीत, मी जाऊन येतो." मी दगडावर बसले आणि म्हटलं, "टिंग."

हे रागावले. सदतीस वर्षांत भर रस्त्यात असं कधी रागावले नव्हते. "माझ्या पायात अजून जोर आहे. म्हातारा समजू नकोस." मी उत्तर दिलं नाही, फक्त विचारलं, "घाट कुठल्या गिअरमध्ये उतरायचा असतो?" हे गप्प. नव्या ड्रायव्हरांना शिकवताना हेच सांगायचे की ज्या गिअरमध्ये गाडी घाट चढेल, त्याच गिअरमध्ये ती उतरवायची. वर चढताना किती जोर लागणार, ते उतरायच्या आधी ठरवायचं.

हे वळले, पण फुरंगटून. पुढं चालत राहिले, धपाट्याला हात लावला नाही, नुसतं पाणी पीत गेले. पहिल्या निवाऱ्याच्या थोडं अलीकडं दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. बसताही येईना, उभंही राहवेना. ओठ पांढरे पडले. मी शिक्षक आहे, घाबरले तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही याची सवय आहे. पण त्या वेळी हात थरथरत होते. खाली जाणाऱ्या एका मुलानं आपला डोक्याचा रुमाल भिजवून यांच्या मानेवर ठेवला आणि खारी बिस्किटं दिली. म्हणाला, "नुसतं पाणी पिऊ नका, त्यानं अंगातलं मीठ कमी होतं. खात राहा." तासभर सावलीत बसून, धपाटे, शेंगदाणे, बिस्किटं खाऊन मग हळूहळू उठलो. दहा पावलं चालायचं, थांबायचं. उतरायला अडीच तास लागले होते, वर यायला पाच.

त्या रात्री हे गाडीत आडवे पडून छताकडं बघत बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "उलटा घाट आहे हा." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक वाटेवर कुठं वळायचं, ते मी ठरवायचं असं न बोलता ठरलं.

त्या हिरव्या झाडांच्या पुंजक्याला तेव्हा इंडियन गार्डन म्हणत. तिथं हवासुपाई लोक मक्याची, भोपळ्याची शेती करत. ग्रँड कॅन्यन १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर त्यांना तिथून हळूहळू बाहेर काढलं, शेवटच्या माणसाला १९२८ मध्ये. २०२२ साली त्या जागेचं नाव बदलून 'हवासुपाई गार्डन्स' केलं. नाव परत मिळालं म्हणायचं, जागा नाही.

तिथून आम्ही नवाहो लोकांच्या मुलखातून पेज गावाकडं निघालो. लाल माती, दूरदूर एकेक घर, आणि रस्त्यानं जाणाऱ्या छोट्या ट्रकांत पाण्याच्या प्लास्टिकच्या टाक्या. एका ठिकाणी मोठ्या नळाखाली अशा गाड्यांची रांग लागली होती. मी ह्यांना थांबायला सांगितलं. एक आजीबाई नातवाला घेऊन टाकी भरत होत्या. त्या मुलखातल्या सुमारे तीस टक्के घरांमध्ये नळाचं पाणी नाही. अमेरिकेत! आपल्याकडं टँकर गावात येतो, तिथं माणूस टाकी घेऊन पाण्याकडं जातो. कोलोराडोच्या पाण्यात आपला वाटा किती, हे सरकारनं ठरवून द्यावं म्हणून नवाहो लोक अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जून २०२३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल त्यांच्या विरोधात गेला. आणि त्याच मुलखाच्या कडेला ग्लेन कॅन्यनचं धरण आहे. कालवे आणि पंपांनी कोलोराडोचं पाणी पाचशेहून जास्त किलोमीटर दूर, फिनिक्सच्याही पलीकडं जातं. माझ्या मुलाच्या अंगणातल्या हिरवळीला तेच पाणी. मी त्याला हे सांगितलं तेव्हा त्याला आवडलं नाही. पण पुढं वर्षभरात त्यानं हिरवळ काढून टाकली.

धरणाच्या जलाशयाभोवती खडकावर पांढरा पट्टा दिसतो. पूर्वी पाणी तिथवर असायचं. माजलगावचं धरण उघडं पडलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना तो पट्टा वेगळा समजावून सांगायला नको.

झायनला जाताना डोंगर फोडून केलेला १९३० सालचा बोगदा लागतो. त्या काळच्या मोटारींच्या मापाचा. आमच्यासारखी उंच गाडी आली की तेव्हा समोरची वाहतूक थांबवून ती बोगद्याच्या मधून सोडत. ह्यांची छाती दोन इंच फुगली. "आख्ख्या नोकरीत माझ्यासाठी कुणी रस्ता मोकळा केला नव्हता." झायनमध्ये नदीच्या पात्रातूनच चालत जायचं असतं, दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे. आम्ही काठी टेकत गुडघाभर पाण्यात थोडं आत गेलो आणि परतलो. वर कुठंतरी दूर पाऊस पडला तरी तिथं अचानक लोंढा येतो. २०१५ च्या सप्टेंबरात त्याच उद्यानातल्या एका अरुंद घळीत सात जण असे गेले. त्यामुळं रोज सकाळी आभाळाचा अंदाज फळ्यावर लिहिलेला असतो, तो वाचल्याशिवाय मी पाऊल टाकू दिलं नाही.

ब्राइसला दगडाचे हजारो सुळके आहेत, केशरी, गुलाबी, पांढरे. तिथं राहिलेल्या ब्राइस नावाच्या शेतकऱ्याला कुणी ह्या जागेबद्दल विचारलं, तर तो म्हणे एवढंच म्हणाला की इथं गाय हरवली तर मोठी आफत. आमच्या ह्यांना हा माणूस फार आवडला. म्हणाले, "ह्यानं खरं बघितलं."

आता ज्या जागेबद्दल मला मुख्यतः बोलायचंय तिथं येते. कॅपिटॉल रीफ. नाव फारसं कुणाला माहीत नाही. लाल कड्यांच्या मध्ये फ्रीमाँट नदीच्या काठी फ्रुटा नावाचं एक गाव होतं. १८८० च्या दशकात तिथं लोक वसले, सफरचंद, जर्दाळू, पेअरच्या बागा लावल्या, पाट काढले. कधी दहाएक कुटुंबांच्या वर वस्ती गेली नाही. आता गाव नाही, पण बागा उद्यानानं राखल्यात. झाडाखाली उभं राहून हवं तेवढं खायचं, बरोबर न्यायचं असेल तर स्वतःच तोलायचं आणि पेटीत पैसे टाकायचे. आम्ही दोघांनी दोन किलो सफरचंदं तोलली आणि हिशेबापेक्षा थोडे जास्तच पैसे टाकले, उगीच देशाचं नाव नको खराब व्हायला.

त्या गावाची एकखोली शाळा अजून उभी आहे. १८९६ साली बांधलेली. आत जायला बंदी होती, खिडकीतून बघितलं. लाकडी बाकं, फळा, मध्ये शेगडी. मुलंच उरली नाहीत म्हणून १९४१ मध्ये ती बंद झाली. मी खिडकीच्या काचेला नाक लावून कितीतरी वेळ उभी होते. ह्यांनी मला हाक मारली नाही.

संध्याकाळी तळावर मी बाहेरच्या लोखंडी चुलीवर भाकरी थापायला घेतल्या. गाडीच्या आत पहिल्याच दिवशी भाकरीच्या धुरानं भोंगा वाजला होता, त्यामुळं परवानगी असेल तिथं चूल बाहेरच. तळाची देखरेख करणारं एक जोडपं चौकशीला आलं. सत्तरीतले असावेत. संडास साफ ठेवायचे, नवीन आलेल्यांना जागा दाखवायच्या, आणि त्या बदल्यात त्यांना गाडी उभी करायला फुकट जागा. मी त्यांना गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. बाई शाळेत मुलांचा स्वयंपाक करायच्या, तो कारखान्यात होता. २००८ च्या मंदीत नोकरी गेली, पाठोपाठ बँकेनं घर घेतलं. तेव्हापासून जुनी आरव्ही हेच घर. पेन्शन थोडी येते, पण पुरत नाही.

"पुढच्या आठवड्यात आम्ही निघणार," त्या म्हणाल्या. "कुठं?" "उत्तर डकोटाला. बीटच्या हंगामाला."

मला वाटलं, माझ्या इंग्रजीचा घोटाळा झाला. परत विचारलं. नाही, बरोबर ऐकलं होतं. अमेरिकेत तयार होणाऱ्या साखरेपैकी निम्म्याहून जास्त साखर बीटपासून निघते. ऑक्टोबर लागला की उत्तरेकडच्या रेड नदीच्या खोऱ्यात बीट काढायला सुरुवात होते. थंडी पडून जमीन गोठायच्या आत सगळं उरकायचं असतं, म्हणून दिवसरात्र काम, बारा-बारा तासांची पाळी. ट्रकांतून येणाऱ्या बीटचे डोंगर रचायचे. ह्या कामाला देशभरातून अशी आरव्हीत राहणारी माणसं येतात, त्यात निवृत्त झालेलीही पुष्कळ. कारखाना गाडी उभी करायला जागा, वीज, पाणी देतो. नवरा-बायको दोघांनी मिळून यायचं.

त्यांना दोन हजार किलोमीटर जायचं होतं. साखरेसाठी. गाडीवर बिऱ्हाड घालून. दसऱ्याच्या सुमाराला.

मी हात धुतले आणि काठीनं मातीत कोयता काढून दाखवला. ऊस काढला, बैलगाडी काढली, तिच्यावर पेटी, हंडा, पोरं. म्हटलं, माझे आईवडील. दोघांचा मिळून एक कोयता. तुमचाही तसाच एक. बाईंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी आपला उजवा हात पुढं केला. मनगटावर पट्टा बांधलेला होता, गेल्या वर्षीच्या हंगामातलं दुखणं. मी माझ्या आईच्या हातावरच्या कोयत्याच्या खुणा सांगितल्या. पुढं २०२१ साली अशा लोकांवरच्या 'नोमॅडलँड' चित्रपटाला ऑस्कर मिळालं, तेव्हा मुलानं तो मला दाखवला. पण मी तो आधीच पाहिला होता, फ्रुटाच्या तळावर.

आता मी शिक्षक असल्यामुळं एक गोष्ट तपासून सांगते. साम्य दिसलं म्हणून दोन्हीकडं सारखंच आहे, असं म्हणता येणार नाही. त्यांचा हंगाम काही आठवड्यांचा, आपला सहा महिन्यांचा. त्यांना तासाचे पैसे, बारा तास झाले की पाळी संपली. आपल्याकडं गाडी भरेपर्यंत काम, मग रात्रीचे दोन का वाजेनात. त्यांच्या गाडीत पोरं नसतात, म्हणजे कुणाची शाळा बुडत नाही. आणि त्यांच्या गाडीत ते अरुंद दार असतं, आतून कडी लागणारं. एवढं सगळं खरं. तरी त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की आम्ही दोघं ह्या तळावर पाहुणे आहोत. हौसेनं आलेले. आणि ते मला खटकलं नाही. माझ्या आईनं गाडीवर जे दिवस काढले त्यातून मी शाळेत गेले, मुलगा शिकला, आणि तो मला हौसेनं गाडीवर बसवू शकला. कुणीतरी एकदा हौसेनं बसायलाच हवं होतं.

पुढं आर्चेसला दगडाच्या कमानी पाहिल्या, एका कमानीपर्यंत उघड्या खडकावरून चढलो, माझ्याच इशाऱ्यानं थांबत थांबत पोचलो. ते सगळं सुंदरच होतं. पण खरं सांगायचं तर माझं लक्ष त्यात अर्धंच होतं. रात्री घरी फोन केला की भाऊ म्हणायचा, सप्टेंबर संपत आला, पाऊस नाही, कापूस करपला, लोक मुकादमाकडं फेऱ्या घालायला लागलेत.

फिनिक्सला पोचून गाडी परत दिली तेव्हा ह्यांनी शेवटचं टायरांवर ठोकून बघितलं. मी कडी एकदा लावून उघडली.

आम्ही शिरूरला आलो तेव्हा दिवाळी तोंडावर होती. ३१ ऑक्टोबरला सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचाही होता. गावातून गाड्या निघायला लागल्या होत्या. मी आईपाशी बसून मोबाइलवर फोटो दाखवत होते. ग्रँड कॅन्यन बघून तिला विशेष काही वाटलं नाही, म्हणाली, "एवढा खड्डा!" विष्णूच्या नावाचं शिखर दाखवल्यावर हात जोडले. मग त्या जोडप्याचा फोटो आला. त्यांची जुनी गाडी, दारात दोन खुर्च्या, हातात भाकरी. मी तिला सगळं सांगितलं. बीट, साखर, बारा तास, मनगटाचा पट्टा, बँकेनं घेतलेलं घर.

आईनं फोटो जवळ घेऊन नीट बघितला. मग विचारलं, "किती उचल होती गं त्यांच्यावर?"

मी म्हटलं, "आई, तिथं उचल नसते. बँकेचं कर्ज होतं."

"तेच की," ती म्हणाली. "मग फिटलं का?"

ते मात्र मी विचारलंच नव्हतं.